तिसऱ्या वाटेवरची बाकं

गावाजवळच्या पाच सोप्या वाटांवर फिरायला कसं जावं, हे पत्रक ज्या माणसाने लिहिलं, तो त्यातल्या एकाही वाटेवर कधी चालला नव्हता. ही गोष्ट त्याला स्वतःला चांगली ठाऊक होती आणि पत्रक छापून येईपर्यंत तिच्यात त्याला काही वावगंही वाटलं नव्हतं. तो नगरपालिकेत नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होता. ड्राफ्ट्समनने जागेवर जायचं ठरवलं तर टेबलाशी बसायचं कुणी, असा त्याचा साधा सवाल होता, आणि टेबलाशी बसण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या इमारतीत दुसरा कुणी नव्हता.

गाव लहान, दरीत वसलेलं. दोन बाजूंना डोंगर, मधून नदी, नदीच्या काठाने जुनी बाग आणि बागेपलीकडे पाणीपुरवठ्याची पंपघरं. लोकांनी जरा चालावं म्हणून काहीतरी करा, असं नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांच्या मनात आलं आणि ते काहीतरी घरंगळत घरंगळत तिसऱ्या मजल्यावरच्या या टेबलावर येऊन थांबलं. त्याने मोठा नकाशा पसरला. शिवणाचा दोरा घेतला, नदीच्या कडेकडेने ठेवला, मग तो पट्टीवर ताणून मोजला. दोरा ताणला की नदीची सगळी वळणं सरळ होतात, हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही, पण दोरा न ताणता मोजायचा कसा, हेही त्याला सुचलं नाही. जमिनीचा चढ दाखवणाऱ्या समोच्च रेषा लांब लांब दिसल्या तिथे त्याने 'सोपी' लिहिलं आणि जवळ जवळ दिसल्या तिथे 'सोपी, परंतु आनंददायी' लिहिलं. 'अवघड' हा शब्द त्याने वापरलाच नाही, कारण अवघड वाटेने कुणी गेलं नसतं आणि साहेबांना लोक जायला हवे होते. शेवटी पंख्याखाली बसून, चहाचा घोट घेत, त्याने एक वाक्य लिहिलं: 'डाव्या हाताला खळाळतं पाणी आपली सोबत करतं आणि पावलं आपोआप पुढे पडतात.' हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्याने ते दोन वाटांना वापरलं.

स्वतःची पावलं आपोआप पुढे पडण्याचा प्रसंग त्याच्यावर बऱ्याच वर्षांत आला नव्हता. घरापासून नगरपालिका हाकेच्या अंतरावर. तो स्कूटरने जायचा. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी तळमजल्यावर बसून आवक-जावक तपासायचा.

पण पत्रकाचं नशीब थोर निघालं. बसथांब्यावर लागलं, वाचनालयात लागलं, दाताच्या डॉक्टरकडे तर थांबलेल्या लोकांना दुसरं वाचायलाच काही नसल्यामुळे तोंडपाठ झालं. लोक त्याला रस्त्यात अडवून विचारू लागले. "चौथ्या वाटेवर लहान मुलांना नेलं तर चालेल का हो?" एका बाईंनी विचारलं. "अगदी बिनधास्त," तो म्हणाला, आणि वर "फक्त पायात बूट हवेत" असंही म्हणाला. बूट हवेत हे त्याला कुठून कळलं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, हे मात्र त्याला कळत होतं. पण शेळ्या नीट चालल्या होत्या आणि उंट आरामशीर होता.

आता या माणसाला आपण ढब्बू म्हणू. पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला ढब्बू म्हणणारी व्यक्ती जगात एकच उरली होती, ती म्हणजे त्याची मोठी बहीण, ताई. ऑफिसात तो साहेब होता, बायकोचा 'अहो' होता. ताई गेली असती तर तिच्याबरोबर ढब्बूही गेला असता, हे त्याला चार महिन्यांपूर्वी हॉस्पिटलच्या जिन्यात एकदम लख्ख कळलं होतं आणि तो पायरीवर बसून रडला होता.

ताईची हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, पाणीखात्यात मीटर वाचायची नोकरी एकतीस वर्षं केली. खांद्याला पिशवी, एका हातात मीटरवरचं झाकण उचलायचा लोखंडी आकडा, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि पायांना भिंगरी. या गावातली एकही गल्ली, एकही जिना तिच्या पायाखालून सुटला नव्हता. मीटर थांबवायला काचेआड कुणी खिळा अडकवलेला असला, तर ती वाकायच्या आधीच ओळखायची. ढब्बू लहान असताना आई आजारी असायची, म्हणून त्याला शाळेत सोडायचं काम ताईचं. ती पुढे भराभर चालायची, हा तिच्या पिशवीचा बंद धरून मागे धापा टाकत धावायचा. आयुष्यात तो जे काही धावला, ते तेवढंच.

हॉस्पिटलात तिच्या खाटेशी बसायला काही नव्हतं. म्हणून ढब्बूने गॅलरीतली घडीची खुर्ची नेली होती, हिरव्या पट्ट्यांची. त्यातली एक पट्टी त्याच्या वजनाने दुसऱ्याच दिवशी उसवली आणि बायकोने ती घरी असलेल्या निळ्या दोऱ्याने शिवली. त्या खुर्चीत अकरा दिवस बसून तो ताईची छाती वरखाली होते आहे ना, एवढंच बघत होता.

घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले, रोज चाला. ताई दुसऱ्याच आठवड्यात एकटी निघाली. कोपऱ्यापर्यंत गेली, श्वास भरून आला, छातीत धडधडू लागलं, आणि बसायला काही दिसेना. शेवटी ती रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या भिंतीशी, सरळ जमिनीवर बसली. लोक जमले. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला, एकाने "आजीबाई, घरी कोण आहे का?" असं विचारलं. ज्या गल्लीत एकतीस वर्षं तिच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने लोक झाकणावरची कुंडी बाजूला करायचे, त्या गल्लीत.

त्यानंतर ती बाहेर पडली नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी बसायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांची पावलं बघायची. "चाल की गं जरा," ढब्बू म्हणायचा. "चालते रे," ती म्हणायची, "पण मधेच झालं काही, तर बसू कुठे? लोकांच्या पायांत?" डॉक्टर रागावले, बायको समजावून दमली. दिवसेंदिवस ताईचे पाय काटक्यांसारखे होत चालले होते. न चालणाऱ्या ताईकडे बघायची घरात कुणाला सवय नव्हती, तिला स्वतःला तर मुळीच नव्हती.

आणि मग एका बुधवारी तिने चहाच्या कपाखालचं पत्रक उचललं. कपाखाली ते ढब्बूनेच ठेवलं होतं. घरात त्याची दीडशे पत्रकं होती. ताईने चष्मा लावला आणि मीटरचा आकडा वाचावा तसं ते बोट ठेवून वाचलं.

"वाट तिसरी," ती म्हणाली. "जुना पूल ते नदीचं वळण. सव्वा किलोमीटर. सपाट. दर दोनशे मीटरवर बाक, एकूण सहा." तिने चष्म्यावरून बघितलं. "मी होते तेव्हा तिकडे एकही बाक नव्हतं."

"तुला रिटायर होऊन सहा वर्षं झाली, ताई. गाव काही थांबून राहिलंय का?"

"सहा बाकं? नक्की?"

"नक्की म्हणजे! मीच काढलीत ना नकाशात."

"दोनशे मीटर म्हणजे माझी आताची चारशे पावलं," ती स्वतःशीच म्हणाली. "चारशे पावलं आणि मग बसायचं." मग तिने पत्रकातले सहाही चौकोन बोट ठेवून एकेक करून मोजले. शेवटी तिने चष्मा काढला. "रविवारी सकाळी जाऊ या मग. वळणापर्यंत."

ढब्बूच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं आणि नवऱ्याकडे असं बघितलं, जणू त्याने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी कामाचं केलं होतं. ढब्बूची छाती फुगली. पोटाच्या पुढे ती जात नसे, पण फुगली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्याला बुद्धी झाली, की एकदा जाऊन बघून यावं. शंका म्हणून नव्हे. ताईला कुठलं बाक सावलीत आहे ते सांगता आलं असतं. स्कूटर जुन्या पुलाशी लावून तो आपल्याच तिसऱ्या वाटेवर पहिल्यांदा चालू लागला. डाव्या हाताला खळाळतं पाणी नव्हतं. डाव्या हाताला माणसाहून उंच झुडपांचं कुंपण होतं आणि त्यापलीकडे पंपघरं घरघरत होती. नदी उजव्या हाताला होती. येताना ती डावीकडे येईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दोनशे मीटरवर बाक नव्हतं. म्हणजे जरा पुढे असेल. चारशेवर नव्हतं. सहाशेवर तो स्वतःच बसायला काही शोधू लागला होता. तिथे बागेचा मुकादम दोन बायकांकडून गवत काढून घेत होता.

"बाकं कुठेत इथली?" ढब्बूने धापा टाकत विचारलं.

"कुठली बाकं?"

ढब्बूने खिशातून पत्रक काढून दाखवलं. मुकादमाने ते उलटंसुलटं केलं.

"ही होय! ही व्हायचीत अजून. तीन वर्षं झाली, प्रस्ताव वर गेलाय."

"मग नकाशात कशी आली?"

"ते तुम्ही सांगायचं, साहेब," मुकादम म्हणाला. "नकाशा तुमचा." गवत काढणाऱ्या बायका खाली मान घालून गवतच काढत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

ऑफिसात येऊन ढब्बूने मूळ नकाशा काढला. सहा छोटे चौकोन होते, आणि सहाही तुटक रेघेत होते. तुटक रेघ म्हणजे प्रस्तावित, अखंड रेघ म्हणजे जागेवर आहे, हे ड्राफ्ट्समनला पहिल्या दिवशी शिकवतात. गेली पंधरा वर्षं ढब्बू ते नव्या पोरांना शिकवत होता. मग त्याला आठवलं. पत्रकासाठी नकाशा लहान केला, तेव्हा त्या तुटक रेघा मुंग्या चिरडल्यासारख्या दिसू लागल्या होत्या. ते काही बरं दिसेना, म्हणून त्याने पेन उचलून सहाही चौकोन अखंड केले होते. नगरपालिकेला तीन वर्षांत जे जमलं नाही, ते त्याने चहा गार व्हायच्या आत करून टाकलं होतं. आपल्या हाताची सफाई बघून त्याला त्या वेळी बरं वाटलं होतं, हेही त्याला आठवलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

संध्याकाळी सगळं सांगून टाकायचं असं ठरवून तो घरी गेला. दार उघडलं तर ताई घरातल्या बोळात चालत होती. पायात तिचे नोकरीतले जुने काळे बूट, एक हात भिंतीला. तोंडाने आकडे चालले होते. "तीनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे नव्व्याण्णव, चारशे." ती थांबली, भिंतीला टेकली आणि हसली. चार महिन्यांत ती अशी हसली नव्हती. "झालं एक बाक. मधे थांबले नाही, ढब्बू."

"वा," ढब्बू म्हणाला आणि तडक स्वयंपाकघरात गेला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती; लोकांना समोरचं दिसत नाही याची तिला सवय होती, पण याला काही मर्यादा असते असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "आत्ता जा आणि सांगा."

"सांगतो. म्हणजे ती बूट काढून ठेवील आणि पुन्हा खिडकीत बसेल. मग तू उठव तिला."

बायको दारातून बोळाकडे बघत राहिली. ताईचा दुसरा चारशेचा फेरा सुरू झाला होता. "एक तरी बाक हवं होतं हो," ती हळूच म्हणाली.

ढब्बूची नजर गॅलरीकडे गेली. हिरव्या पट्ट्यांची घडीची खुर्ची तिथे भिंतीला टेकून उभी होती.

बेत कागदावर अगदी सोपा होता. ढब्बूचे सगळेच बेत कागदावर सोपे असत. ताई बायकोबरोबर चालणार. पहिल्या ठिकाणी खुर्ची तयार. ताई बसून उठली आणि पुढच्या वळणाआड गेली, की कुंपणाच्या फटीतून ढब्बूने खुर्ची ओढून घ्यायची, घडी करायची, पंपघराच्या मागच्या वाटेने पुढे जाऊन दुसऱ्या ठिकाणी मांडायची. सहा ठिकाणं, एक खुर्ची. बाकं रंगवायला नेलीत आणि तोवर खुर्च्या ठेवल्यात, असं बायकोने ताईला सांगायचं. हे वाक्य ढब्बूला फार जमलेलं वाटलं. ते हुबेहूब नगरपालिकेसारखं होतं.

"आणि तुम्ही पळणार?" बायकोने विचारलं.

"पळायचं कशाला? ती हळू चालणार."

"बघा हं. उंटावर बसून झालं पुष्कळ, आता उतरताय म्हणून सांगते."

रविवारी सकाळी साहेबांनी बोलावलंय म्हणून ढब्बू आधीच घरातून सटकला. "रविवारी?" ताई म्हणाली. "पत्रकाचंच काम आहे," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

पहिली खुर्ची त्याने वेळेत मांडली आणि कुंपणामागे दबा धरून बसला. दोघींची पावलं ऐकू आली. ताईची पावलं आधी घट्ट आणि मग शेवटी शेवटी ओढत येणारी. मग पावलं थांबली.

"बाकं रंगवायला नेलीत, ताई," बायको म्हणाली, इतक्या पटकन, की वाक्य तोंडातून सांडल्यासारखं वाटलं. "तोवर खुर्च्या ठेवल्यात."

खुर्ची करकरली. ताई बसली असावी. मग कितीतरी वेळ काहीच आवाज आला नाही. ढब्बूच्या तोंडचं पाणी पळालं. उठली आणि मागे फिरली तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर भर सकाळ होती.

"बरी आहे की गं खुर्ची," शेवटी ताईचा आवाज आला. "चल. पुढची कशी आहे बघू."

ढब्बूने सुटकेचा श्वास सोडला, आणि नंतर तो श्वास त्याला पुन्हा काही केल्या सापडेना. कारण पंपघरामागची वाट नकाशात जशी होती तशी जागेवर नव्हती. ती प्रत्येक पंपघराला वळसा घालत होती, आधी चढत होती, मग चिखलात उतरत होती. समोच्च रेषा या ठिकाणी 'सोपी, परंतु आनंददायी' अशा होत्या. दुसऱ्या ठिकाणी तो पोचला, तेव्हा हातात खुर्ची होती आणि पाय आपले नव्हते. कुंपणातून खुर्ची सरकवून तो खाली बसतो न बसतो, तोच पावलं आली.

"बाई गं, हिलाही हिरव्या पट्ट्या," ताई म्हणाली. "नगरपालिकेची निवड चांगली आहे हं." आणि ती मिनिटभरही बसली नाही. "चल, चल. ऊन होईल."

तिसऱ्या ठिकाणी ढब्बू अक्षरशः धावत पोचला. पोट आधी, तो नंतर. शर्ट बाहेर आला होता, एका बुटात चिखल गेला होता.

"ही पण शिवलेली आहे. त्याच जागी," ताईचा आवाज आला.

"एकाच दुकानातल्या असतील," बायको म्हणाली.

"असतील."

ताईला काडीचाही संशय नाही, असं वाटून ढब्बूला त्या परिस्थितीतही स्वतःचं कौतुक वाटलं. गळ्यात धाप, कानात पंपांची घरघर, आणि मनात मात्र आपण मोठे चतुर. माणूस पडायच्या आधी असाच दिसतो.

चौथ्या ठिकाणी ताई फक्त टेकली आणि उठली. ढब्बूने खुर्ची ओढली आणि धावला. पाचव्या पंपघराच्या वळशाला उतार होता, उतारावर शेवाळ होतं. आधी खुर्ची गेली, मग ढब्बू गेला. पत्र्याचं पिंप होतं, तेही गेलं. "आई गं!" तो ओरडला. ओरडू नये हे त्याला नंतर सुचलं.

लागलं फारसं नव्हतं. पण छाती भात्यासारखी चालली होती आणि डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. तो कसाबसा उठला, कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेला, पाचव्या ठिकाणी खुर्ची मांडली. आता परत कुंपणामागे जायचं. पाय जाईनात. एकच मिनिट, असं म्हणून तो खुर्चीत बसला.

पावलं फार लवकर आली. ओढत येणारी नव्हेत, टाचा वाजवत येणारी. शाळेच्या रस्त्यावर त्याच्या पुढे वाजायची तशी. ताई वळणावरून एकटी येत होती, जवळजवळ धावत. बायको मागे बरीच लांब राहिली होती. ताई येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तिने त्याचं मनगट धरलं, दोन बोटं टेकवली आणि घड्याळाकडे बघत राहिली. हॉस्पिटलातली नर्स तिची नाडी बघायची, अगदी तशी.

"उठू नकोस," ती म्हणाली. "तोंडाने श्वास घे. हळू. छातीत दुखतंय का?"

"नाही."

"खरं सांग."

"गुडघा दुखतोय." ढब्बूला वर बघवेना. "ताई, इथे बाकं नाहीत. एकही नाही. तुटक रेघा होत्या, त्या मी जोडल्या. मी या वाटेवर शुक्रवारपर्यंत कधी आलोच नव्हतो. एकाही वाटेवर नाही."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या खुर्चीपासून. त्या खुर्चीत तुला अकरा दिवस बघितलंय मी. निळा दोरा ओळखणार नाही?" तिने त्याचं मनगट सोडलं नव्हतं. "तेव्हाच मागे फिरणार होते. म्हटलं संपलं, पुढे काहीच नाही. तेवढ्यात कुंपणाच्या फटीत तुझं टक्कल दिसलं. पुढे निघाले, तर फटींतून तेच टक्कल जाताना दिसलं. धावत! शाळेच्या शर्यतीत पोट दुखतं म्हणून बसायचास, आणि इथे धावतोयस. म्हटलं, बघू तरी हा कुठपर्यंत धावतो."

"मग एवढ्या घाईने का आलीस आत्ता?"

ताईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. "तू ओरडलास ना रे. मला वाटलं, तुला काही झालं."

बायको येऊन पोचली. तीही धापा टाकत होती. तिघांत बसायला खुर्ची एक, आणि ती ढब्बूखाली. तो उठायला गेला, तर ताईने खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"सहावं कुठे आहे?"

"नाहीये, ताई."

"ते कळलं रे. नकाशात कुठे आहे?"

"वळणावर. मोठ्या दगडाजवळ."

"जाऊन येते." बायको बरोबर निघाली, तशी ती म्हणाली, "तू नको येऊस. याच्याजवळ थांब. याचं काही खरं नाही."

ती निघाली. ढब्बू बसून बघत राहिला. तीच खुर्ची, आणि तो ताईकडेच बघत होता. फक्त आता ती लांब लांब जात होती. निम्म्या वाटेवर ती थांबली. हात छातीवर गेला. आसपास काही नव्हतं, ना बाक ना खुर्ची, नुसती वाट आणि एका बाजूला नदी. बायकोने ढब्बूचा खांदा घट्ट धरला. तो अर्धवट उठला होता. ताई दोन्ही पाय रोवून तशीच उभी राहिली, खाली वाकली नाही, कशाला टेकली नाही. त्या उभ्या राहण्याला किती वेळ लागला, ते ढब्बूला कुठल्याही पट्टीवर मोजता आलं नसतं. मग तिने हात खाली घेतला आणि चालू लागली.

वळणावरच्या दगडाला तिने हात लावला, पलीकडे नदी जिथे दिसेनाशी होते तिकडे जरा वेळ बघितलं, आणि परत फिरली. परत येताना ती हळू चालत होती. ओठ हलत होते. ढब्बूला दुरूनच कळलं, की ती मोजते आहे. त्याने रुमाल काढून डोळे पुसले, मग घाम पुसतोय असं दाखवण्यासाठी टक्कलही पुसलं.

"सव्वा किलोमीटर नाही ही," खुर्चीपाशी येऊन ती म्हणाली. श्वास लागला होता, पण आवाज मीटर वाचणाऱ्या बाईचा होता. "दीड आहे. पुलापासून मोजतेय. माझी पावलं खोटं बोलत नाहीत. आणि नदी उजव्या हाताला आहे."

"दुरुस्त करतो, ताई. उद्याच करतो."

"टेबलाशी बसून?" तिने बुटाच्या टोकाने वाटेवरचा खडा उडवला. "काही नको. उद्या पहिली वाट, परवा दुसरी. पाचही मोजायच्या. आकडा मी सांगीन, तू लिहायचं."

ढब्बू गुडघा धरून उठला. जुना पूल इथून कितीतरी लांब होता आणि स्कूटर त्याहून पुढे. त्याने केविलवाणेपणाने खुर्चीकडे बघितलं. ताई पुढे निघालीसुद्धा होती. चार पावलांवर ती थांबली आणि मागे वळली.

"खुर्ची घे बरोबर, ढब्बू," ती म्हणाली. "तुला लागेल."